चावडीवरचा फळा मोकळा करा

मा. सरपंच वहिनी, उपसरपंच, सगळे सदस्य आणि ग्रामसेवक भाऊसाहेब,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी चावडीच्या फळ्यावर चिकटवणार होते. पण फळ्यावर सध्या एका साहेबांचा वाढदिवस आहे. वाढदिवस होऊन तीन आठवडे झाले, तरी साहेब हात जोडून उभे आहेत आणि त्यांच्या पायाशी तालमीच्या बावीस पोरांचे फोटो आहेत. त्यातली चार पोरं माझ्याकडं दळण घेऊन येतात म्हणून ओळखू आली, बाकीची गॉगलमुळं ओळखता आली नाहीत. फळ्यावर जागा नाही, म्हणून पत्र असं उघड्यावर लिहितेय.

वहिनी, पत्र तुम्हाला आहे. आधी भाऊजी वाचतील हे ठाऊक आहे, वाचू देत. उत्तर मात्र तुमच्या अक्षरात यावं. खुर्ची राखीव झाली म्हणून तुम्ही बसलात असं लोक म्हणतात, मी म्हणत नाही. सही तुमची चालते, तर शब्दही तुमचाच चालायला पाहिजे.

गावाला माझी ओळख सांगायला नको. बाहेरचं कुणी वाचत असेल तर एवढंच सांगते, की करवीर तालुक्यातलं भोगावतीकाठचं गाव आहे आणि चावडीसमोरची पिठाची गिरणी माझी आहे. गावाचं नाव लिहीत नाही. आमच्याकडं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न "कुठल्या गटाचं?" हा असतो.

एकोणीस वर्षं मी त्या फळ्याकडं तोंड करून दळतेय. मालक गेल्यावर गिरणी मीच चालवते. शाळू दळायला टाकला की दहा मिनिटं हात मोकळा असतो, आणि त्या दहा मिनिटांत बघायला समोर फळाच असायचा. सिमेंटच्या गिलाव्यावर काळा रंग मारलेला, सहा फूट बाय चार फूट, वर उजव्या कोपऱ्यात टवका उडालेला. दळणाच्या डब्यावर नाव लिहायला माझ्याकडं कायम खडू असतो. त्यामुळं ज्याला काही लिहायचं असेल तो आधी गिरणीत यायचा. "काकी, खडू द्या जरा." कोण काय लिहिणार हे मला लिहिण्याआधी कळायचं. हा माझा स्वार्थ होता, लपवत नाही.

काय काय यायचं फळ्यावर? दूध संस्थेचा सचिव दर बदलला की लिहायचा: म्हैस 6.0 फॅट, 9.0 एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घट्ट भाग), त्याच्या पुढं दर, खाली गाईचा. दहा दिवसांचं बिल कधी मिळणार ते. या आठवड्यात शेतीपंपाची लाइट दिवसा की रात्री. रेशनला तांदूळ आले. "तांबडी पाडी चुकली आहे, डाव्या कानाला बिल्ला, सापडल्यास वरच्या आळीला सांगणे." जोतिबाच्या चैत्र यात्रेला सासनकाठी कधी निघणार, कोण कोण चालत जाणार. लम्पीची लस द्यायला डॉक्टर कधी येणार. तालमीतलं एक पोरगं गळीत हंगामात फारच भारी काम करायचं. ऊस गेल्यावर 14 दिवसांत बिल द्यायचं असा 1966 चा आदेश आहे. हे पोरगं गावातली पहिली खेप गेली की रोज सकाळी एकच ओळ लिहायचं: "आज 9 वा दिवस." "आज 14 वा दिवस." "आज 31 वा दिवस." कारखान्याचं नाव नाही, शिवी नाही, घोषणा नाही. पण तेवढं वाचून कारखान्याच्या शेतकी ऑफिसचा माणूस मोटारसायकल चावडीसमोरून न आणता मागच्या बोळातून न्यायला लागला.

आणि निधनाच्या बातम्या. वर "दुःखद निधन", खाली नाव, वय, आणि "रक्षाविसर्जन रविवारी सकाळी 9 वाजता". हे लिहिताना फळ्यावरचं बाकी सगळं पुसायचं, असा रिवाज होता. कुणी ठरवलेला नव्हता. त्या दिवशी दुधाचा दर सचिवाला तोंडी विचारायचा.

वरच्या आळीच्या एक म्हाताऱ्या आत्या होत्या, शाळेचं तोंड न बघितलेल्या. त्या आकडे या फळ्यावर शिकल्या. म्हशीच्या दराचा आकडा रोज बघून बघून आधी सहा ओळखायला लागल्या, मग नऊ. सहा आणि नऊ उलटेसुलटे असतात यावर एकदा माझ्याशी तावातावानं भांडल्याही. पुढं बिलावरचा आकडा स्वतः वाचायच्या आणि सचिवाला दोनदा चूक दाखवली.

आता तुम्ही म्हणाल, काकी, हे सगळं ग्रुपवर येतंय की. येतं. दोन ग्रुपवर येतं. एक या गटाचा, एक त्या गटाचा. दोन दूध संस्था, दोन तालमी, दोन गणपती होते, आता बातम्याही दोन झाल्या. ग्रामपंचायतीचा म्हणून जो तिसरा ग्रुप काढला, तिथं निवडणुकीनंतर एवढी भांडणं झाली की आता फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतो. आणि अ‍ॅडमिन कोण, तर भाऊजी. राग नको वहिनी, मी फक्त नोंद केली.

गेल्या कार्तिकातली गोष्ट सांगते. माळावरच्या वस्तीवरच्या एक काकू वारल्या. रात्री अकराला जीव गेला, सकाळी आठला माती झाली. बातमी एका गटाच्या ग्रुपवर पडली, कारण त्यांचा मुलगा त्या गटाचा. दुसऱ्या गटाच्या ग्रुपवर कुणी टाकली नाही. मुद्दाम नाही टाकली असं मी म्हणत नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं टाकली असेल. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची लहानपणापासूनची मैत्रीण माझ्याकडं दळण घेऊन आली. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आलेल्या, एकाच विहिरीवर पाणी भरलेल्या. हिच्याकडं साधा फोन आहे, तोही नातवाच्या खिशात. डबा खाली ठेवला आणि मला विचारते, "वस्तीवरची दिसली न्हाई गं दोन दिवस. आजारी हाय काय?"

मी चक्की बंद केली. तेवढंच सुचलं.

ती रक्षाविसर्जनाला गेली. पण मातीला गेली नाही याचं तिला जे लागलंय ते अजून लागलंय. दर वेळी दळणाला आली की फळ्याच्या जागेकडं बघते आणि म्हणते, "पूर्वी हितं लिवायचे." वस्ती इथून दीड किलोमीटरवर आहे. मेलेल्या माणसाची बातमी दीड किलोमीटर चालून आली नाही, आणि तो वाढदिवसाचा फ्लेक्स कोल्हापुरातून छापून तीन तासांत आला.

फोनविरुद्ध माझं काही नाही. माझ्याकडंही आहे, लेकीला पुण्याला रोज व्हिडिओ कॉल करते. पण 2021 चा पूर आठवा. जुलैची 22, 23 तारीख. लाइट पहिल्याच रात्री गेली आणि पुढं चार दिवस आली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्यांचे फोन मेले. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट, हे आमच्याकडं पोरांनाही पाठ आहे. खालच्या मळ्यात उसाच्या बुडख्याला पाणी लागलं, की राजारामला किती झालं असेल याचा अंदाज म्हातारी माणसं न विचारता सांगतात. त्या वर्षी पाणी 56 फुटांच्या वर गेलं. दोनच वर्षांपूर्वी, 2019 ला, 55 ओलांडली होती तेव्हा लोक म्हणाले होते, एवढं पुन्हा आपल्या हयातीत होत नाही.

त्या चार दिवसांत तालमीच्या पोरांनी ट्रॅक्टरच्या बॅटरीवर एक फोन जिवंत ठेवला. एकच. त्यावरून तालुक्याला विचारायचं आणि दर दोन तासांनी फळ्यावर लिहायचं: वेळ, राजारामची पातळी, राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडे. गिरणीच्या पत्र्याखाली पन्नास माणसं उभी असायची, पुढचा आकडा कधी लिहितात बघत. वाढला की कुणी बोलायचं नाही. चौथ्या दिवशी पोरानं जुना आकडा पुसून तीन इंच कमी लिहिला तेव्हा एक म्हातारा टोपी काढून नुसता उभा राहिला. ते अक्षर मला अजून दिसतं. ओल्या फळ्यावर खडू उमटत नव्हता, म्हणून पोरानं आधी शर्टानं फळा पुसला होता.

आणि 2019 ला फोन चालू होते तेव्हा काय झालं, तेही आठवा. रात्री एकला मेसेज फिरला, राधानगरी धरणाला तडा गेला म्हणून. निम्मं गाव पोराबाळांसकट अंधारात माळावर पळालं. एक आजोबा बांधावरून पडले, मांडीचं हाड मोडलं. मेसेज कुणी पाठवला ते आजवर कळलेलं नाही. झालं एवढंच होतं, की धरण भरलं आणि स्वयंचलित दरवाजे उघडले. सात दरवाजे आहेत, एकातून 1428 क्युसेक पाणी येतं. पाणी ठरल्या पातळीला आलं की दरवाजा आपला आपण उचलतो, उतरलं की आपला आपण बसतो, बटण दाबायला कुणी लागत नाही. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या धरणाची ही गोष्ट आमच्या गावात शेंबड्या पोराला ठाऊक असते. पण रात्री एकला, एकेकट्यानं, हातातल्या काचेवर वाचलं की ठाऊक असलेलंही विसरतं.

फळ्यावर चुका होत नव्हत्या असं नाही. एकदा रेशनचा वार चुकीचा लिहिला होता. चाळीस बायका पिशव्या घेऊन गेल्या आणि हात हलवत परत आल्या, ते थेट गिरणीत. खडू माझा म्हणून शिव्या मला. पण लिहिणारा कोण ते सगळ्यांना माहीत होतं. संध्याकाळी त्यानंच येऊन पुसलं, खाली "चूक झाली" असं लिहिलं आणि आठ दिवस मान खाली घालून फिरला.

आता ग्रामसभेकडं येते, कारण फळा गेला तो तिथूनच.

मागच्या ग्रामसभेची नोटीस ग्रुपवर आदल्या रात्री 9 वाजून 40 मिनिटांनी पडली. भाऊसाहेब, नियम मला तुमच्याइतका येत नाही, पण नोटीस सात दिवस आधी द्यायची आणि दवंडी पिटायची, एवढं कळतं. फळा तेव्हा जागेवर होता, त्यावर लिहायची तसदी कुणी घेतली नाही. गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यात जे कमी असेल ते. आपले मतदार पंधराशेच्या आसपास, म्हणजे 100 माणसं पाहिजेत. आली 31. सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, हे ज्यांना माहीत असायला पाहिजे त्यांना बरोबर माहीत होतं. ती पुढं 17 जणांत उरकली. त्यात फळ्यावर लोखंडी चौकट बसवून "फ्लेक्ससाठी सुशोभित जागा" करायचा ठराव झाला. सर्वानुमते. गावाची बातमी लिहायची जागा गेली, आणि ती बातमी गावाला चौकट बसवायला वेल्डर आला तेव्हा कळली.

महिला सभेचं रजिस्टर त्या आधी गिरणीत फिरून गेलं होतं. बायकांनी सह्या केल्या. मीही केली. शाळू चालू होता, कशावर करतेय ते बघितलं नाही. म्हणून या ठरावात माझाही हात आहे आणि दोष सगळा तुमच्या पदरात टाकून मी मोकळी होणार नाही.

ग्रामसभा म्हणजे सह्यांचं रजिस्टर नव्हे, हे आपल्याच जिल्ह्यानं दाखवलंय. शिरोळ तालुक्यातलं हेरवाड. 2022 च्या मे महिन्यात तिथल्या ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. नवरा गेल्यावर कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचं अनुकरण करायला सांगितलं. एका गावाचा ठराव मुंबईपर्यंत गेला.

ती बातमी आमच्या फळ्यावर कुणीतरी पेपरातून उतरवली होती. गिरणीत सहा-सात बायका होत्या, त्यातल्या तिघी माझ्यासारख्याच. एका पोरीनं मोठ्यानं वाचून दाखवली. आकडे शिकलेल्या त्या आत्या म्हणाल्या, "परत वाच." तिनं परत वाचली. मग कुणी कुणाकडं बघितलं नाही, आणि मग सगळ्यांनी एकमेकींकडं बघितलं. मी काही बोलले नाही, चक्कीचा आवाज मोठा होता. ती बातमी प्रत्येकीच्या फोनवर वेगवेगळी आली असती तर प्रत्येकीनं अंगठ्यानं वर सरकवली असती. पंधरा दिवसांनी त्यातली एक हातभर हिरव्या बांगड्या घालून दळणाला आली. त्याचं श्रेय फळ्याला द्यायचं का मला माहीत नाही, पण वाचताना ती तिथं होती.

कायद्याचं म्हणाल तर माहितीचा अधिकार 2005 चा आहे. त्याचं 4 थं कलम सांगतं, की कुणी अर्ज करायची वाट न बघता कार्यालयानं आपणहून माहिती लोकांपुढं ठेवायची. कशी ठेवायची, तर सूचना फलक, वर्तमानपत्रं, जाहीर घोषणा, इंटरनेट वगैरे. त्या यादीत पहिलं नाव सूचना फलकाचं आहे. शिवाय स्थानिक भाषा कोणती, खर्च किती आणि त्या भागात लोकांपर्यंत पोचायची सगळ्यात परिणामकारक रीत कोणती, तेही बघायचं म्हटलंय. आमच्या भागात ती रीत म्हणजे गिरणीसमोरची भिंत. पंधराव्या वित्त आयोगातून काय आलं, कशावर गेलं, गटारीचं बिल किती निघालं, हे त्या भिंतीवर चार ओळींत लिहिलं तर माहितीचे निम्मे अर्ज बंद होतील. भाऊसाहेब, तुमचाच ताप कमी होईल.

दवंडीबद्दल थोडं बोलते, कारण काही जण म्हणतात, फळा कशाला, दवंडी सुरू करा. करा, पण जुनी नको. एका घराच्या माथी पिढ्यान्‌पिढ्या हलगी मारली होती आणि ते जातीमुळं होतं. शाहू महाराजांनी 1918 ला महार वतनं रद्द केली, तरी गावानं ते काम पुढं कितीतरी वर्षं त्याच घराकडून फुकटात नाहीतर पायलीभर जोंधळ्यावर करून घेतलं. त्या घरातला मुलगा आज बँकेत आहे आणि हलगीचा आवाज आला की त्याच्या कपाळावर आठी येते, ते बरोबर आहे. घंटागाडी रोज सकाळी तेच एक गाणं वाजवत फिरते, तिच्याच भोंग्यावरून दोन वाक्यं सांगा. ड्रायव्हरला पगार आहे. वस्तीवरही ती जाते.

तर मागणी एकच आहे. चौकट काढा आणि फळा मोकळा करा. वाढदिवसांना पाण्याच्या टाकीखालची भिंत द्या, ती मोठी आहे, साहेब आणखी उंच दिसतील. फळ्यावर लिहिणाऱ्यानं खाली तारीख आणि स्वतःचं नाव टाकायचं. ग्रामसभेची नोटीस विषयांसकट सात दिवस आधी लिहायची आणि सभा होईपर्यंत ती कुणी पुसायची नाही. मयताच्या बातमीला गट विचारायचा नाही. रोज सकाळी सातला कालचं शिळं पुसून नवं लिहायचं काम मी करीन, गावात असेन तोवर. मानधन नको. खडूचे पैसेही नकोत, डब्यांसाठी आणते त्यातलेच वापरीन. माझं अक्षर फार चांगलं नाही, पण लांबून दिसतं. कुणाला माझ्या हातून लिहिणं नको असेल तर त्यानं लिहावं, मी खडू देईन.

काळा रंग एक लिटर आणि चार इंची ब्रश आणून ठेवलाय, पावती गिरणीतल्या गणपतीच्या फोटोमागं आहे. रंगायच्या आधी भिंत घासायला लागेल, उजव्या कोपऱ्यातला टवका भरायला लागेल. गवंड्याला विचारलंय, तो सिमेंट स्वतःचं आणतो म्हणाला. मंगळवारी गिरणी बंद असते, एका दिवसात होतं. चौकटीला आठ नट आहेत, मी स्टूल लावून मोजलेत. चौदाचा पाना लागतो, तोही आहे. तुमची चार ओळींची परवानगी तेवढी सोमवारी संध्याकाळपर्यंत पाठवा, वहिनी. भाऊजींच्या हाती नको, स्वतः या. घरात दळण नसलं तरी चालेल.

आपली,
चावडीसमोरची गिरणीवाली काकी